संशयाचा फायदा

तीळ नाही हा, म्हणाली डॉक्टर तेहमीना
आणि आरसा ह्यांच्या हातात दिला.
डाव्या नाकपुडीवर मोत्यासारखा चकचकीत दाणा,
मधोमध खपली.
आठ महिने दाढी करताना निघायची, परत धरायची.
मी तुरटी लावत होते.

चाळीस वर्षं आझाद मैदान, क्रॉस मैदान,
अंगात पांढरा कोट, खिशात सहा खडे,
एप्रिलमधले बारा ते चार.
टोपी होती की! पण टोपीची सावली
कपाळावरच थांबते, नाकापर्यंत उतरत नाही,
हे आम्हाला परळला तिसऱ्या मजल्यावर कळलं.
कपाळ अजून लग्नातलंच आहे ह्यांचं.

डॉक्टरनं कागदावर नाक काढलं,
शाळेतली मुलं काढतात तसं, एका रेषेत.
कापायचं आणि शिवून टाकायचं, हे सोपं.
पण इथली कातडी तंग. ओढली तर नाकपुडी वर चढेल,
जन्मभर काहीतरी हुंगताय असं वाटेल.
नाहीतर कानामागचं कातडं घेऊन ठिगळ.
लवकर सुटका. रंग जुळणार नाही, खळगा राहील.
नाहीतर पातळ पातळ थर काढायचे,
एकेक थर तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली,
कड स्वच्छ येईपर्यंत.
मग कपाळाची एक पट्टी खाली वळवून नाकावर बसवायची,
तीन आठवडे भुवईपाशी देठ ठेवायचा,
रक्त तिथूनच येतं,
मग देठ कापायचा.
"कपाळ तर फर्स्ट क्लास आहे तुमचं," ती म्हणाली. "बोला, काय करायचं?"

पायचीतचं अपील दोन श्वासांत निकाली काढणाऱ्या माणसानं
दोन दिवस मागितले.

रात्री जेवताना म्हणाले, भाताकडे बघत,
"संशयाचा फायदा फलंदाजाला."
मी जिन्यात विचारून घेतलं होतं डॉक्टरला.
सांगितलं, इथे संशय आला की कापतात.
चांगलं दिसणारंसुद्धा, कडेकडेनं.
बराच वेळ ताक ढवळत बसले.
"बरोबर आहे," म्हणाले, "खेळ वेगळा आहे."
आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

पहिल्या थरानंतर पट्टी बांधून बाहेर आणून बसवलं.
बाकावर वसईचे पास्कू लोपीस,
केळीच्या वाडीत आयुष्य गेलेलं, कानाला बँडेज.
"कवडे झाले?"
"एक. तुमचे?"
"दोन."
धावफलक विचारावा तसं.
मी थालीपीठ काढलं, तिघांत वाटलं,
लोपीसांनी सुकेळी दिली.
पुन्हा हाक आली. पुन्हा बाहेर. पुन्हा हाक.
तिसऱ्या थरानंतर डॉक्टर स्वतः दारात आली,
मास्क गळ्यात, हात मोकळे,
नुसती उभी राहिली.
हे माझ्या कानाशी म्हणाले, "नाबादला खूण नसते."

आता एकोणीस दिवस झाले.
भुवईपासून नाकापर्यंत ह्यांचीच कातडी, वळून आलेली,
खालून जराशी ओली.
लिमयांचा मुलगा साखर मागायला आला
आणि साखर न घेताच गेला.
हे रेडिओ लावून बसतात, आवाज बारीक,
पंचाचा निर्णय आला की मान हलवतात.
मी कापसाच्या काडीनं कडा पुसते.
पहिल्या दिवशी हात थरथरला माझा.
ह्यांनी पाहिलं, बोलले नाहीत.

परवा देठ कापणार.
आज दुपारी हे डोळे मिटून पडले होते.
माशी घोंघावत होती,
म्हणून नव्या नाकाला मी बोट लावलं,
अगदी हलकं.
"कपाळावर हात का ठेवलास?" डोळे न उघडता म्हणाले.

मी बोट काढलं नाही.
तिथेच होतं ते, नाकावर.

"ताप बघतेय," म्हटलं.